पुण्यात घरी सनड्यू लावताना: तापमान, उजेड आणि पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. फेब्रुवारीत सनड्यूचं, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणाऱ्या झाडाचं, एक रोप कुरिअरने मागवलं आणि ते काचेच्या बंद बरणीत, पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं. आलं तेव्हा प्रत्येक पानावर चिकट थेंब होते, दोन-तीन आठवड्यांत सगळे गेले आणि खालची पानं काळी पडली. पाणी नळाचंच घातलं जातं, पण सोसायटीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणीही मिसळतं. आता एसी लावून खोली २४ अंशांवर ठेवावी का, जांभळ्या उजेडाचा ग्रो-लाइट घ्यावा का, किडे पकडून खायला घालावेत का, आणि मे महिन्यात दहा दिवस गावी जायचं आहे तेव्हा रोपाचं काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

एसी लावू नका आणि जांभळा दिवाही घेऊ नका. तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. लांब देठ, त्यापुढे अरुंद लांबट पान आणि पानभर लालसर केस, म्हणजे हा ड्रॉसेरा कॅपेन्सिस आहे (ड्रॉसेरा हे सनड्यूचं शास्त्रीय नाव). मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला, आणि घरी वाढवण्याच्या सनड्यूंमध्ये सगळ्यात सोशिक. ५ ते ३५ अंशांत तो मजेत राहतो, आणि मुळाशी चांगलं पाणी असेल तर सावलीतले ३८-४० अंशही काढतो. पुण्याच्या हवेने तुमचं रोप बिघडलेलं नाही. बिघडलं आहे ते बंद बरणीने आणि टाकीच्या पाण्याने. नव्या माणसाची सगळी काळजी तापमानाभोवती फिरते, पण तापमानाचा प्रश्न जात निवडतानाच एकदा सोडवायचा असतो. उजेडाचा प्रश्न जागा निवडताना सुटतो. पाण्याकडे मात्र वर्षभर लक्ष ठेवावं लागतं, आणि पुण्यात बहुतेक सनड्यू मरतात ते पाण्यानेच.

हे नीट समजायचं तर ही झाडं मुळात कुठे उगवतात ते बघावं. ड्रॉसेराच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या सर्वाधिक ऑस्ट्रेलियात. भारतात बर्मानी, इंडिका आणि पेल्टाटा या तीन सापडतात. त्यातल्या बर्मानी आणि इंडिका पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिसतात, आणि आपले लोक त्यांना दवबिंदू म्हणूनच ओळखतात. कासला फुलं बघायला गेलात तर एकदा वाटेच्या कडेला खाली वाकून बघा. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती, ती पावसाने धुऊन निघालेली, चार महिने पाण्याने चिंब, आणि डोक्यावर झाडाची सावली नाही. अशा मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसतोच. तो मिळवण्यासाठी पानांनी किडे धरायचे आणि मुळांनी फक्त पाणी ओढायचं, अशी या रोपांची व्यवस्था आहे. म्हणून आपल्या इतर कुंड्यांना जे मानवतं ते सगळं, म्हणजे शेणखत, गांडूळखत, लाल माती, क्षारांचं पाणी आणि झाडाखालची सावली, सनड्यूला घातक ठरतं. (कासवरून किंवा कुठल्याही सड्यावरून रोप उपटून आणू नका. तिथल्या या दोन्ही जाती हंगामी आहेत. उपटलेलं रोप घरी जगत नाही आणि तिथलं पुढच्या वर्षीचं बीही जातं.)

आता तापमान. शहरात एप्रिलमध्ये दुपारी ३८-४० अंश होतात, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-१२ आणि थंडीची लाट आली तर त्याहून खाली. एवढा चढउतार झेलतील अशा जाती घ्यायच्या, बाकीच्यांचा मोह टाळायचा. कॅपेन्सिस पहिला. दुसरा स्पॅट्युलाटा, जपानपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेली छोटी जात. जमिनीसरशी गोल चक्र करतो, रुपया-दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा होतो आणि उन्हात तांबडालाल दिसतो. तिसरा बर्मानी. तो आपल्याच हवेतला, उष्णतेला घाबरत नाही. आयुष्य मात्र सुमारे वर्षभराचं, पण बी इतकं टाकतो की कुंडी रिकामी राहत नाही. पानाच्या कडेचे त्याचे लांब तंतू काही सेकंदांत आत वळतात, ते बघण्यासाठी तरी तो घरात असावा असं मला वाटतं. पानाला दोन फाटे फुटणारा ऑस्ट्रेलियातला बायनाटाही इथे चांगला होतो, फक्त त्याला कुंडी मोठी लागते.

टाळायच्या जातींत पहिली रोटुंडिफोलिया. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं आणि व्हिडिओ तिच्याबद्दल भरभरून सांगतात, पण तिला हिवाळ्यात काही महिने कडक थंडीत कळीसारखं मिटून झोपावं लागतं. पुण्याची थंडी त्याला पुरत नाही, आणि झोप न मिळालेलं रोप वर्ष-दोन वर्षांत खंगतं. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या कंदवाल्या जाती उन्हाळाभर कोरड्या झोपतात, त्यांचं वेळापत्रक सांभाळणं नवख्याचं काम नाही. पेटिओलारिस गटातल्या जातींना उलट तिशीच्या वरची ऊब लागते, त्या डिसेंबरात रुसतात. क्वीन्सलंडच्या जंगलातली अडेले कमी उजेडात राहते खरी, पण तिला दमट आणि जरा गार हवा हवी. आपल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या झळांत तिची पानं कडेने वाळतात.

हवेच्या तापमानापेक्षा कुंडीच्या आतलं तापमान जास्त महत्त्वाचं, आणि ते सहसा कोणी बघत नाही. काळी प्लास्टिकची कुंडी मे महिन्याच्या उन्हात ठेवली की आतलं पीट (सनड्यू ज्यात लावतात ते दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि मुळं शिजतात. पानं दोन-चार दिवस बरी दिसतात आणि मग एकदम माना टाकतात. पांढरी कुंडी घ्या, किंवा काळी कुंडी थर्मोकोलच्या खोक्यात बसवा. लग्नसमारंभात किंवा फळवाल्याकडे मिळणारं साधं खोकंही चालतं. ट्रेमध्ये पाणी जरा जास्त ठेवलं की तेही मुळं गार ठेवतं.

उजेडाबद्दल सांगायचं तर सनड्यू हे शोभेचं घरातलं झाड नाही. खिडकीपासून चार फुटांवरच्या टीपॉयवर ते जगत नाही. थेंब तयार करायला रोपाला साखर लागते आणि साखर उजेडातून येते. उजेड कमी पडला की रोप सगळ्यात आधी थेंब बंद करतं. मग पानं लांब, फिकट, लुळी निघतात.

सर्वांत चांगली जागा पूर्वेची गॅलरी. सकाळचं चार-पाच तासांचं ऊन आणि दुपारनंतर सावली, एवढं मिळालं की कॅपेन्सिस वर्षभर थेंब धरतो. दक्षिणेची गॅलरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तम, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन आतपर्यंत येतं. उन्हाळ्यात तिथे ऊन कठड्यापाशीच थांबतं. उत्तरेची गॅलरी लोक निकामी समजतात, पण पुण्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत येतो. शून्य सावलीचे दोन दिवस म्हणतात ते हेच. त्या मधल्या काळात उत्तरेच्या गॅलरीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. हिवाळ्यात मात्र तिथून कुंडी हलवावी लागते.

तुमच्याकडे पश्चिम आहे. पश्चिमेचं ऊन सनड्यूला चालतं, फक्त मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत दुपारी दोन ते पाचचं ऊन जाळीतून गाळून घ्या. नर्सरीत मिळणारी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पुरे. नव्या रोपाला एकदम उन्हात ठेवू नका. कुरिअरने आलेलं रोप बहुधा दमट पेटीत किंवा टिश्यू कल्चरच्या बाटलीत वाढलेलं असतं. पहिला आठवडा सावलीत, दुसऱ्या आठवड्यात तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत न्या. जुनी पानं तरीही करपतील, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. सनड्यूची तब्येत नेहमी मधल्या नव्या पानावरून बघायची. ते थेंबासकट उलगडलं की रोप रुळलं.

रंगावरून उजेड ओळखता येतो, पण एक अपवाद ध्यानात ठेवा. नेहमीच्या कॅपेन्सिसचे तंतू चांगल्या उजेडात लाल होतात आणि कमी उजेडात हिरवट राहतात. याच जातीचा ‘अल्बा’ नावाचा पांढऱ्या फुलांचा प्रकार कितीही उन्हात हिरवाच राहतो. तो लाल होत नाही म्हणून उन्हात सरकवत नेला तर उगाच भाजेल.

गॅलरी नसेल तर कृत्रिम उजेड. त्यासाठी जांभळ्या दिव्याची गरज नाही. त्यानेही रोप वाढतं, पण त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही आणि रोग वेळेवर कळत नाही. बुधवार पेठेतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी साधी चार फुटी २० वॅटची पांढरी एलईडी बॅटन घ्या, ६५०० के (थंड पांढरा उजेड) लिहिलेली. अशी एक बॅटन साधारण २००० लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देते. चार फूट लांब, फूटभर रुंद शेल्फवर दोन बॅटन लावल्या की हिशेबाने सुमारे ११,००० लक्स (रोपावर पडणारा उजेड) येतात, इकडेतिकडे सांडणारा उजेड वजा केला तरी ७-८ हजार उरतात. शेल्फच्या बाजूंना पांढरा कागद किंवा फॉइल लावलं तर आणखी थोडे. सनड्यूला १० हजारांच्या आसपास मिळाले की रंग भरतो. मोबाइलवरचं लक्स मोजण्याचं ॲप अगदी अचूक नसतं, पण एक जागा दुसरीपेक्षा बरी की वाईट हे त्यावर कळतं. दिवा पानांपासून १५ ते २० सेंटीमीटरवर, त्याहून लांब नको. छताला लावलेल्या बल्बचा रोपाला काही उपयोग होत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड झपाट्याने उतरतो. टायमर लावून दिवसाला १४ तास चालू ठेवा. दोन बॅटनचे ४० वॅट, म्हणजे महिन्याला साधारण १७ युनिट. खोलीचा एसी चालवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी, आणि तो योग्य ठिकाणी झालेला.

पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. ढगांमुळे उजेड घटतो आणि थेट पावसात ठेवलेल्या रोपाचे थेंब धुऊन जातात. पाऊस उघडला की दोन-चार दिवसांत ते परत येतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण पत्र्याच्या पागोळ्या ज्या जागी पडतात तिथे कुंडी ठेवू नका, पीट उसळून पानांच्या मधल्या चक्रात बसतं आणि नवी पानं तिथेच कुजतात.

आता पाणी. यावर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या रोपाचं मूळ दुखणं इथे आहे.

सनड्यूला सतत ओली माती लागते, म्हणून कुंडी ट्रेमध्ये ठेवून ट्रेत एक-दोन सेंटीमीटर पाणी कायम ठेवतात. पाणी खालून चढतं, वरून उडून जातं. जे उडतं ते शुद्ध पाणी, त्यातले क्षार कुंडीतच राहतात. ट्रेची कुंडी म्हणजे छोटं मिठागर. हिशेब करून बघा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ३०० असेल तर प्रत्येक लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार. एप्रिल-मेमध्ये एक मध्यम कुंडी दिवसाला १०० मिलिलिटर सहज ओढते, म्हणजे महिन्याला तीन लिटर, म्हणजे जवळजवळ ग्रॅमभर क्षार. आणि हे अशा रोपाच्या मुळाशी, ज्याच्या मूळ जागी क्षार पावसाने वाहून जातात. आधी पीटच्या वरच्या थरावर आणि कुंडीच्या काठावर पांढरट-पिवळसर कड दिसते. मग मूळ कुजतं, मग खालची पानं काळी पडतात. तुमच्या फोटोत कुंडीच्या काठावर ती कड स्पष्ट आहे.

टीडीएस मीटर विकत घ्या, दोन-चारशे रुपयांत मिळतो. सनड्यूसाठी खरेदी करायची पहिली वस्तू तीच. ५० पीपीएमच्या (लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या) आत असेल ते पाणी बेधडक घाला. ५० ते १०० मध्ये असेल तर चालवून घ्या, पण महिन्यातून एकदा कुंडी ट्रेमधून बाहेर काढून वरून भरपूर स्वच्छ पाणी ओता, क्षार खालून वाहून जाऊ द्या आणि ट्रेतलं पाणी फेकून द्या. १०० च्या वरचं पाणी नको. धरणातून येणारं महापालिकेचं पाणी बोअरच्या मानाने बरंच हलकं असतं, पण तुमच्या नळाला जे येतं ते टाकीतलं मिश्रण. आज मोजलं ते उद्या तसंच असेल असं नाही, टँकर आला त्या दिवशी आकडा बदलतो.

पाणी उकळून बहुतेक क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने दाट होतात. यूव्ही किंवा कँडल फिल्टरने जंतू आणि गाळ जातो, क्षार तसेच. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो. बादलीवर डाग पडत नाहीत, पण टीडीएस तेवढाच राहतो आणि सनड्यूला सोडियम आणखी वाईट. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात चवीसाठी बहुधा क्षार घातलेले असतात, मीटरने मोजल्याशिवाय ते घालू नका. घरच्या आरओचं पाणी उत्तम, फक्त बऱ्याच मशिनींत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असतं. मशिनवाला सर्व्हिसिंगला आला की मेंब्रेननंतर (क्षार गाळणाऱ्या पडद्यानंतर) लगेच पाणी काढायची सोय करून घ्या. एसीच्या नळीतलं पाणी टीडीएसला कमी असतं, अडचणीला वापरता येतं, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यात येते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. तेच नाव सांगून मागा, ॲसिडचा कॅन उचलू नका.

आणि सगळ्यात चांगलं, फुकटचं पाणी जूनमध्ये येतं. एक चौरस मीटर उघड्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साधा ५० बाय ४० सेंटीमीटरचा टब गॅलरीबाहेर किंवा गच्चीत ठेवला तर २० मिलिमीटरच्या एका सरीत चार लिटर पाणी जमतं. पहिल्या एक-दोन पावसांनी हवेतली धूळ खाली बसू द्या, मग भरा. गच्चीवरून पाइपातून आलेलं पाणी नको, त्यात सिमेंटचा चुना आणि पारव्यांची घाण असते. थेट आकाशातून टबात पडलेलंच घ्या आणि झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत भरून ठेवा. दोन-तीन कुंड्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं पुण्याचा पाऊस नक्की देतो.

साचलेलं पाणी म्हटलं की डासांचा प्रश्न आलाच, आणि तो गंभीर आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. सनड्यू चार डास पकडतो म्हणून ट्रेतल्या अळ्या माफ होत नाहीत. आठवड्यातून एक दिवस ठरवा, ट्रे रिकामी करा, आतून घासा आणि मग ताजं पाणी भरा. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या वर ट्रेच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतल्याने जात नाहीत.

मातीबद्दल थोडक्यात. खत न मिसळलेलं पीट मॉस आणि धुतलेलं परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे), अर्धं-अर्धं. परलाइट कोरडं हाताळू नका, त्याची धूळ नाकात जाते, आधी पाणी शिंपडा. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) एकटंही चालतं. कोकोपीट स्वस्त आहे म्हणून सगळे तेच सुचवतात, पण काथ्यात मीठ असतं, आणि ते काढायला पुन्हा पुन्हा भिजवून निथळावं लागतं. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस घातलेल्या पाण्याइतका होईपर्यंत धुवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. बांधकामाची क्रश सँड अजिबात नको. सिलिका वाळू वापरायची असेल तर आधी त्यावर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे. कुंडी प्लास्टिकची, १० ते १२ सेंटीमीटर खोल. मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात.

बंद बरणीचं आता सांगतो. सनड्यूला दमट हवा लागते हा समज या बरण्यांनी पसरवला आहे. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, तेव्हाही रुळलेला कॅपेन्सिस थेंब धरून असतो, कारण मुळाशी पाणी आणि पानावर उजेड असतो. दुपारी थेंब जरा बारीक होतात, सकाळी पुन्हा फुगतात. बंद काच पश्चिमेच्या खिडकीत ठेवली तर आतलं तापमान बाहेरच्या हवेच्या खूप वर जातं, आणि कोंडलेल्या दमट हवेत बुरशी लागते. तुमचं रोप बरणीतून काढा, पण एकदम नको. झाकण आधी रात्री उघडा, मग दिवसा, आठ-दहा दिवसांत पूर्ण बाहेर. तोवर बरणी उन्हापासून दूर, उजेडात असू द्या.

खायला घालण्याचं. गॅलरीतलं रोप स्वतःच चिलटं, डास पकडतं, त्याला तुमची मदत नको. घरात दिव्याखाली असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा माशांच्या खाद्याची पूड, मोहरीच्या दाण्याहून कमी, ओली करून एका-दोन पानांवर ठेवा. सुकवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतात, ते सर्वांत चांगले. मटणाचा तुकडा, पनीर, मुंग्यांचा लगदा असलं काही नको, पानाच्या आवाक्याबाहेरचं अन्न सडतं आणि पानही काळं पडतं. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात त्याने सनड्यूच्या पानांवर दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचं पाणी ठेवलं तेव्हा तंतू वळले. साखर, गोंद, चहा ठेवला तेव्हा वळले नाहीत. पान नायट्रोजन ओळखतं.

जमलं तर हे एकदा भिंग घेऊन बघाच. चिलट पानावर बसतं, एका पायाला थेंब लागतो, ते ओढायला जातं तर दुसरा पाय शेजारच्या थेंबात. थेंबांचे धागे ताणले जातात पण तुटत नाहीत. काही मिनिटांत आसपासचे तंतू त्याच्याकडे झुकलेले दिसतात. मग कॅपेन्सिसचं पानच त्या जागी दुमडायला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर टोक आत वळून चिलटाभोवती गुंडाळलेलं असतं. आठवडाभराने पान पुन्हा सरळ होतं आणि त्यावर कोरडं, पोकळ कवच उरतं.

कीड फारशी पडत नाही, पण नवी पानं वेडीवाकडी, थेंबाशिवाय निघाली तर मधल्या चक्रात मावा शोधा. फवारणी करू नका. नीम तेलाने आणि साबणाने थेंब जातात. अख्खी कुंडी कमी टीडीएसच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा, गरज वाटली तर दोन दिवस. रोपाला काही होत नाही, मावा गुदमरतो. आणि गॅलरीला पारव्यांची जाळी नसेल तर आधी ती लावा. पारवे ओलं मॉस घरट्यासाठी उपसून नेतात, त्याबरोबर रोपही जातं.

आता तुमच्या रोपाचं लगेच काय करायचं. पूर्ण काळी पानं कात्रीने कापा. मधला कोंब हिरवा असेल तर आशा भरपूर आहे. जुनी माती टाका, मुळं कमी टीडीएसच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि नव्या पीट-परलाइटमध्ये लावा. कॅपेन्सिसची मुळं जाड, काळीच असतात, काळी दिसली म्हणून कुजली असं समजू नका. दाबून बघा, लिबलिबीत असतील तेवढीच कापा. एखादं धडधाकट पान असेल तर तेही पायथ्याशी खुडून स्वच्छ पाण्याच्या वाटीत उजेडात तरंगत ठेवा. काही आठवड्यांत त्यावर बारीक रोपं फुटतात, ती तुमची राखीव. रोप गेल्यासारखं दिसलं आणि वरचा कोंब वाळला, तरी महिनाभर कुंडी फेकू नका, मुळापासून नवे कोंब बऱ्याचदा येतात. सगळं ठीक चाललं तर फुलाचा दांडा निघेल. त्यावर जांभळट-गुलाबी फुलं रोज एखादं उमलतात, आपोआप बी धरतात, आणि ते बी धुळीसारखं बारीक असतं. ओल्या पीटवर नुसतं शिंपडायचं, मातीने झाकायचं नाही, उजेडातच ते रुजतं.

राहिले मे महिन्यातले दहा दिवस. तेव्हा उघड्या ट्रेतलं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर सहज उडतं, म्हणजे नेहमीची ट्रे दोन दिवसांत कोरडी. झाकणाचा प्लास्टिकचा खोल डबा घ्या, घरात धान्यासाठी असतो तसा. झाकणाला कुंडीच्या काठाखाली घट्ट बसेल एवढं गोल भोक कापा आणि कुंडी त्यात वरून अडकवा, तळ पाण्यात तीन-चार सेंटीमीटर बुडेल अशी. बाजूला फट उरली तर चिकटपट्टी लावा. पाणी झाकलेलं असल्याने फार कमी उडतं आणि डासाला आत जायला वाट राहत नाही. हा डबा पूर्वेच्या खिडकीत किंवा पश्चिमेला जाळीच्या आड ठेवा, घरातल्या दिव्याखाली असेल तर टायमर चालू ठेवून जा. निघण्याच्या आठवडाभर आधी हा प्रयोग करून बघा, म्हणजे रोज किती पाणी खाली जातं ते डब्यावर पेनने खूण करून कळेल आणि डबा किती भरायचा ते ठरवता येईल. परत आल्यावर पहिल्यांदा झाकण काढून डबा घासा, मग ताजं पाणी भरा.